तोकिमारू जागा सोडत नाही

सर्वांत आधी एक गोष्ट स्पष्ट करून टाकतो. मी माफी मागणार नाही. अमेरिकेतल्या कॅरी गावच्या आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पाडव्याच्या कार्यक्रमापासून जो 'नम्र आग्रह' चालू आहे, तो ज्यांना चालू ठेवायचा असेल त्यांनी खुशाल ठेवावा. हात जोडलेल्या इमोजींनी विरघळणारा मी नव्हे. औषधांच्या कंपनीत उभी नोकरी मी क्वालिटी कंट्रोलमध्ये काढली. मोठमोठ्यांनी हात जोडले, पण खराब बॅच मी कधी पुढे जाऊ दिली नाही.

दुसरी गोष्ट. ते कार्टून नव्हतं.

कार्टून म्हणजे ज्यात ससा बोलतो आणि अस्वल कड्यावरून पडलं तरी अंग झटकून चालू लागतं. 'तोकिमारू' हा जपानी युद्धपट आहे. तो हाताने काढलेल्या चित्रांचा आहे, हे मान्य. त्यात साठ फुटी रोबो आहे, हेही मान्य. पण त्या रोबोच्या छातीत बसून तो चालवणारी हानाए ही पन्नाशीची बाई आहे आणि तिचे गुडघे दुखतात. नदीच्या दोन काठांना दोन देश, आणि पाण्यावरून जुंपलेली लढाई. तोफांच्या माऱ्यात धरणाचा दरवाजा निखळतो. तोकिमारू त्याला खांदा लावून उभा राहतो. खाली दोन्ही काठांना गावं आहेत. सेनापती ओगाता हुकूम सोडतो की दरवाजा सोड आणि शत्रूचा पाठलाग कर. आणि हानाए म्हणते, "शेवटचा माणूस टेकडीवर चढेपर्यंत मी जागा सोडणार नाही." आता यात ससा कुठे आला, ते कुणीतरी मला दाखवून द्यावं.

हा सिनेमा आमच्या घरात आणला सावनीनं, माझ्या मुलीनं. शाळेत असताना तिनं तो लायब्ररीतून आणला, दोनदा बघितला आणि विसरून गेली. मी विसरलो नाही. सावनी आता तिकडे दूर रेडमंडला असते, आणि मी वरच्या खोलीत हेडफोन लावून तोकिमारू बघतो. घरात याला 'बाबांचा कार्टून टाइम' म्हणतात. माझी बायको सुनेत्रा इतक्या वर्षांत एकदाही माझ्या शेजारी येऊन बसलेली नाही. मीही आग्रह केला नाही. आग्रहानं वाढलेली जिलबी पानात तशीच राहते, हे मी आयुष्यभर बघत आलोय. पण मनातून मला तेच हवं होतं. तिनं एकदा, फक्त एकदा, शेवटपर्यंत बघावा. पुढचा सगळा खटाटोप मी मंडळासाठी केला असं कुणाला वाटत असेल तर तो गैरसमज आहे.

तर झालं असं, की पाडव्याला पुण्याहून नाटक येणार होतं, ते आलं नाही. नायकाला व्हिसा मिळाला, नायिकेला मिळाला, दिग्दर्शकाला तर पहिल्या झटक्यात मिळाला. पण नाटकात जो घरगड्याचं काम करायचा, त्याला मिळाला नाही, आणि नाटकातले सगळे विनोद घरगड्याला होते. नाटक कॅन्सल केलं. पण हॉल बुक झालेला, श्रीखंडाचा चक्का अर्ध्या गावाच्या नळांना टांगलेला, आणि दुपारी दोन ते पाच लोकांना दाखवायचं काय, हा प्रश्न आ वासून उभा. अध्यक्ष उल्का हिच्या घरी तातडीची मीटिंग झाली. त्या मीटिंगमध्ये मी सहज, अगदी सहज, तोकिमारूचं नाव घेतलं.

"काका, मस्त आयडिया!" उल्का म्हणाली. उल्का माझ्याहून फार लहान नाही, पण मला काका म्हणते. मी दुर्लक्ष करतो. "मुलांच्या रूममध्ये काय लावायचं हा प्रॉब्लेम होताच. तुमचं कार्टून तिकडे लावून टाकू."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या मंडळात 'बालविभाग' नावाची एक सोय आहे. मोठ्यांना नाटक सुखानं बघता यावं म्हणून मुलांना शेजारच्या खोलीत पिझ्झा आणि टीव्ही यांच्यासह कोंडण्यात येतं. आतून कसलेही आवाज आले तरी नाटक संपेपर्यंत ते दार उघडायचं नाही, असा संकेत आहे. त्या खोलीत, चीज सांडलेल्या सतरंजीसमोर, माझा तोकिमारू!

"मेन हॉल," मी म्हणालो. "नाहीतर राहू दे."

"अहो पण काका, मोठी माणसं कार्टून..."

"कार्टून नाही ते!"

तेवढ्यात आमचे हृदयरोगतज्ज्ञ डॉक्टर सुमंत घसा खाकरून म्हणाले, "नसेल जमत तर माझ्याकडे हृदयविकारावर स्लाइड शो आहे. तीन तासांचा."

माझा सिनेमा एकमताने पास झाला.

एकमत झालं खरं, पण मराठी माणसाचं एकमत अटींशिवाय होत नाही. सेक्रेटरी केदारनं पहिली अट घातली. केदार मूळचा नागपूरचा, इथे आयटीत आहे, आणि गोड बोलून पाचर मारण्यात त्याचा हात धरणारा मंडळात कुणी नाही. "काका, भारतातून किती आईवडील आलेत सध्या. जपानी कळणार नाही, आणि इंग्लिश सबटायटल वाचेपर्यंत ते पळून जातात. मराठीत पाहिजे ना, यार." दुसरी अट उल्काची. इंटरव्हल पाहिजे, आणि त्यात तिच्या ग्रुपचा नाच. तिसरी अट डॉक्टर सुमंतांची.

"सणासुदीला मरण दाखवायचं नाही."

"युद्धपट आहे, सुमंत."

"जखमी चालतील," ते मोठ्या मनानं म्हणाले.

मी सगळ्या अटी कबूल केल्या. अडला हरी, दुसरं काय.

आता हा सिनेमा चार लोकांत दाखवायचा तर वितरकांची रीतसर परवानगी लागते. ती मी मागितली. मंडळातल्या निम्म्या लोकांनी "काका, कोण बघतंय, लावा बिनधास्त," असा सल्ला दिला, पण मी क्वालिटी कंट्रोलचा माणूस. फोनवरच्या बाई फार सभ्य होत्या. सबटायटल मराठीत मोठ्यानं वाचून दाखवायला त्यांची हरकत नव्हती. अट एकच होती की सिनेमा अखंड दाखवायचा, मध्ये तोडायचा नाही. मी इंटरव्हलबद्दल विचारलं. इंटरव्हल म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, आमच्यात सगळं मध्ये थांबवून बटाटेवडा खातात. त्यांनी बटाटेवड्याचं स्पेलिंग विचारलं आणि अट पुन्हा वाचून दाखवली. यावर तोडगा केदारनं काढला. "काका, सिनेमा कुठे तुटतोय? सिनेमा पॉजवर आहे. तुटते ती ऑडियन्स." हा माणूस वकील व्हायचा राहिला.

हॉलचा अर्ज त्याहून वरताण. कार्यक्रमाचं स्वरूप लिहा, असं त्यात होतं. मी प्रामाणिकपणे लिहिलं, 'महाकाय रोबोचे युद्ध.' सिनेमा हा शब्द लिहायचा राहिला. दोन दिवसांनी हॉलच्या सुरक्षा विभागातून एका गृहस्थांचा फोन आला.

"सर, रोबो किती उंच आहे?"

"साठ फूट," मी अभिमानानं सांगितलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी आपणहून विचारला नव्हता.

"आमच्या हॉलचं छत बावीस फुटांवर आहे, सर."

पुढे खुलासा झाला. पण तोवर सुनेत्रा दारात येऊन सगळं ऐकून गेली होती, आणि स्वयंपाकघरात जाऊन एकटीच हसत होती. हसली म्हणून राग नाही. पण दार लावून हसली, याचं वाईट वाटलं.

आता राहिला आवाजांचा प्रश्न. मराठी संवाद माझे तयार होते. कागदावर नव्हे, डोक्यात. इतकी वर्षं बघून ते आपोआप झाले होते. फक्त बोलणारी माणसं हवी होती. सेनापती ओगाताच्या कामासाठी केदारनं आपले वडील पुढे केले. राजारामराव सहा महिन्यांसाठी मुलाकडे आले होते. बँकेतून निवृत्त, आणि आंतरबँक नाट्यस्पर्धेत अभिनयाचं उत्तेजनार्थ पारितोषिक. ते पारितोषिक मिळून तीन दशकं उलटली असतील, पण उत्तेजन काही उतरलेलं नव्हतं. तालमीला आल्या आल्या त्यांनी विचारलं, "तिसरी घंटा कोण देणार?"

मी म्हणालो, "राजारामराव, हा सिनेमा आहे."

"असेल. पण प्रेक्षक मराठी आहेत ना?"

हानाएच्या कामासाठी मी सुनेत्राला विचारलं. ती पुऱ्यांच्या कणकेचा हिशेब करत होती.

"तू अडुसष्ट वर्षांचा आहेस, नरेंद्र," ती म्हणाली.

"माझं वय नाही विचारलं. काम करशील का?"

"सगळ्या पुऱ्या माझ्यावर आहेत. तुझा रोबो देणार आहे का तळून?"

शेवटी हानाएसुद्धा मीच करायचं ठरवलं. सावनीला फोनवर सांगितलं तर ती किंचाळलीच. "बाबा, इट्स अ ग्रेट फिल्म. आय मीन इट. बट प्लीज, प्लीज, आवाज नका ना काढू." मी तिला सांगितलं की मंडळ माझ्या मागे खंबीरपणे उभं आहे. हे तितकंसं खरं नव्हतं.

पाडव्याचा दिवस उजाडला. हॉलमध्ये ज्योत पेटवायची बंदी, म्हणून दीपप्रज्वलन बॅटरीच्या समईचं. नमनाला घडाभर तेल म्हणतात. आमच्या नमनाला फक्त दोन सेल लागतात, आणि ते नेमके कुणी आणलेले नसतात. डॉक्टर सुमंतांनी आपल्या गाडीच्या किल्लीतला काढून बघितला, तो बसेना. ते होईस्तोवर उल्कानं मनोगत व्यक्त केलं. त्यात माझ्याविषयी 'आपले हौशी नरेंद्रकाका' असा उल्लेख आला. हौशी! मी दात आवळून उभा राहिलो. मग राजारामरावांनी स्वतः विंगेत जाऊन तीन घंटा दिल्या, प्रत्येक घंटेनंतर पुरेसा अवधी सोडून. सिनेमा सुरू झाला तेव्हा पावणेतीन वाजले होते.

आणि सांगतो तुम्हाला, लोक बघायला लागले. खोटं नाही सांगत. पहिली दहा मिनिटं खुर्च्या वाजत होत्या, मोबाइल चमकत होते. मग धुक्यातून तोकिमारूचं पाऊल पडलं, आणि हॉल गप्प झाला. पहिल्या रांगेतल्या एका आजींनी शेजारणीला विचारलं, "अगं, याला खायला काय घालतात?" शेजारीण म्हणाली, "डिझेल असेल." पुढे हानाए गुडघ्याला तेल चोळते तो प्रसंग आला, तेव्हा त्याच आजी म्हणाल्या, "बाईला विश्रांती म्हणून नाही बघा." मी हॉलच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघितलं. तिथून वाफ येत होती. सुनेत्रा पाठमोरी पुऱ्या तळत होती.

घात केला तो राजारामरावांनी. सेनापती ओगाता हा सिनेमातला दुष्ट माणूस. त्याच्या वाट्याला मोजकी वाक्यं, तीही कोरडी. पण राजारामराव माइकसमोर उभे राहिले आणि त्यांच्या अंगात आंतरबँक स्पर्धा संचारली. "हल्ला करा," एवढंच वाक्य होतं. ते म्हणाले, "हल्ला! अरे, कुणावर हल्ला? ज्या पाण्यात लहानपणी पोहलो, त्या पाण्यावर? पण कर्तव्याला काठ नसतो!" पडद्यावरच्या सेनापतीचं तोंड कधीच मिटलं होतं, राजारामरावांचं चालू होतं. पडद्यावर विमानं उडाली, पूल कोसळला, एक घोडा पाणी पिऊन गेला. राजारामराव अजून काठावरच. शेवटी ते थांबले तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि मागून कुणीतरी ओरडलं, "वन्स मोर!"

केदार लॅपटॉपवर होता. वडिलांना वन्स मोर मिळालेला मुलगा काय करणार? त्यानं सिनेमा मागे नेला.

एकदा नव्हे. सेनापतीच्या प्रत्येक वाक्याला वन्स मोर. तो पूल तीनदा कोसळला. प्रेक्षक उघडउघड शत्रूच्या बाजूला गेले होते. हानाएच्या तोंडची माझी वाक्यं लोक राजारामराव पुन्हा कधी बोलतात या आशेवर ऐकून घेत होते. मी त्यांना वरचढ व्हावं म्हणून आवाज चढवत गेलो. इंटरव्हलपर्यंत घसा भाजून निघाला, आणि घशाला बरं वाटेल म्हणून मी वर थंडगार श्रीखंड खाल्लं, दोन वाट्या. शहाण्या माणसाची बुद्धी कुठे पेंड खाते बघा. इंटरव्हल वीस मिनिटांचा होता. नाचाची गाणी तीन होती, ती पाच झाली. मग मठ्ठा संपला म्हणून आरडाओरडा. मग आयोजकांचे आभार. पुन्हा तीन घंटा.

दुसऱ्या अर्ध्यात धरणाचा दरवाजा निखळला. तोकिमारू पाण्यात उतरला आणि त्यानं खांदा लावला. बालविभागाचं दार उघडून पोरंसुद्धा बाहेर येऊन भिंतीला टेकून उभी राहिली होती, आणि कुणी त्यांना आत ढकलत नव्हतं. आता हानाएचं ते वाक्य येणार. मी माइक हातात घेतला, तोंड उघडलं, आणि पडदा काळा झाला.

पाच वाजले होते. हॉलचा प्रोजेक्टर वेळेला बांधलेला असतो. बुकिंग संपलं की तो आपला आपण मिटतो, आणि त्याला कुणाची दयामाया नसते. दारात पुढच्या बुकिंगवाल्या बायका उभ्या होत्या, गोधड्या शिवणाऱ्या क्लबच्या, हातात मोठाल्या पिशव्या घेऊन. हॉलची देखभाल करणारे गृहस्थ आले आणि अदबीनं म्हणाले की आता त्यांना मधली सरकती भिंत ओढून हॉलचे दोन भाग करायचे आहेत.

"शेवट काय झाला?" आजींनी विचारलं.

उल्का स्टेजवर आली. "फ्रेंड्स, टाइम झालाय! प्लीज खुर्च्या फोल्ड करा. आणि शेवट काय, तो काका ग्रुपवर टाकतील!"

शेवट ग्रुपवर टाकतील! त्या क्षणी माझ्या मनात काय झालं, ते मी नीट सांगू शकत नाही. सरकती भिंत करकरत निघाली होती. लोक उठायला लागले होते. मला ओरडून सांगायचं होतं की बसा, पाचच मिनिटं, पण घशातून फक्त हवा आली. मग मी स्टेजवरून उतरलो, चालत गेलो आणि त्या भिंतीला खांदा लावून उभा राहिलो.

हाच तो प्रकार, ज्याबद्दल मी माफी मागावी असं म्हणतात. 'हॉलच्या मालमत्तेस अडथळा.' केला अडथळा! ते गृहस्थ म्हणाले, "सर?" मी मान हलवली. ते पुन्हा म्हणाले, "सर, प्लीज." मी पुन्हा मान हलवली. उल्का धावत आली. "काका, काय हे! पुढच्या वर्षी हॉल देणार नाहीत ते आपल्याला!" डॉक्टर सुमंत माझी नाडी बघायला लागले. गोधडीवाल्या बायका माना उंच करून बघत होत्या. माझं स्वतःचं तोंड कसं दिसत होतं कोण जाणे. डोळ्यांत पाणी होतं एवढं खरं, आणि ते खांद्याच्या कळेमुळे नव्हतं. आणखी एका मिनिटात कुणीतरी दंडाला धरून मला बाजूला केलं असतं आणि मी आयुष्यभरासाठी 'ते कार्टूनवाले काका' झालो असतो.

तेवढ्यात स्टेजवरून राजारामरावांचा आवाज आला. माइक बंद होता, पण त्यांना कधी लागलाच नव्हता. या खेपेला त्यांनी एक शब्द जास्तीचा घातला नाही.

"हानाए! दरवाजा सोड!"

उठलेली माणसं जागच्या जागी थांबली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी तोंड उघडलं. काही नाही. राजारामराव पुन्हा म्हणाले, "हानाए, हा हुकूम आहे. दरवाजा सोड!" मी पुन्हा तोंड उघडलं.

"सोडणार नाही."

आवाज स्वयंपाकघराच्या दारातून आला होता. सुनेत्रा तिथे उभी होती. हातात झारा, कपाळावर कणिक, घामानं डबडबलेली.

"शेवटचा माणूस टेकडीवर चढेपर्यंत मी जागा सोडणार नाही," ती म्हणाली. "सेनापती, तुम्हाला वरून फक्त शत्रू दिसतो. मला इथून चुली दिसतात. दोन्ही काठांना धूर सारखाच आहे."

हे माझं मराठी होतं. शब्द न शब्द माझा. मी ते कुणाला कधी सांगितलं नव्हतं, कागदावरही उतरवलं नव्हतं.

राजारामराव हुकूम देत राहिले, ती नकार देत राहिली. मध्ये जिथे संवाद नाहीत तिथे ती नुसतं सांगत गेली. आता पाणी कमरेपर्यंत आलंय. आता त्याचा डावा हात निखळला. आता त्या काठाची माणसं या काठाच्या म्हाताऱ्यांना खांद्यावर घेतायत. कुणी बसलं नाही, कुणी खुर्ची फोल्ड केली नाही. भिंत ओढायला आलेले गृहस्थ हात खाली सोडून उभे होते. गोधडीवाल्या बायका आत आल्या होत्या, आणि त्यांच्यातली एक बालविभागातल्या मुलीला हळूच विचारत होती, "यातला रोबो कोण?" पोरीनं माझ्याकडे बोट दाखवलं.

"शेवटचं माणूस वर चढलं," सुनेत्रा म्हणाली. "मग दरवाजा गेला. पाणी शांत झालं तेव्हा सकाळ झाली होती."

"मेली का ती?" डॉक्टर सुमंतांनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

"ते दाखवलेलं नाही. पाण्याच्या वर तोकिमारूचा एक हात दिसतो. उघडा."

"मग ठीक आहे," सुमंत म्हणाले, आणि चष्मा काढून पुसत बसले. आजींनी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच. त्या टाळ्यांमध्ये मी भिंतीपासून खांदा काढला. वन्स मोर मात्र कुणी म्हणालं नाही.

गाडीत मी कागदावर लिहून विचारलं, 'तुला कसं येतं?'

"हेडफोन तू लावतोस," सुनेत्रा म्हणाली. तीच ड्राइव्ह करत होती. "त्यामुळे तू मोठ्यानं बोलतोस ते तुला ऐकू येत नाही. मला येतं. भांडी घासताना, कपडे घडी करताना, इतकी वर्षं. त्या बाईचे संवाद तू चांगले म्हणतोस. सेनापतीत तू कच्चा आहेस."

सिग्नल लागला. मी तो कागद घडी करून खिशात ठेवला.

बाकीचं तुम्हाला ग्रुपवरून ठाऊकच आहे. हॉलवाल्यांनी नाराजीची ईमेल पाठवली. उल्कानं मला 'दोन ओळी, जस्ट फॉर्मॅलिटी' म्हणून माफी लिहायला सांगितली. केदारनं तर ती लिहूनही पाठवली, मी फक्त नाव घालायचं. आणि काल मंडळाचा कार्यक्रम-अहवाल आला. त्यात दीपप्रज्वलन आहे, उल्काच्या ग्रुपचा नाच आहे, श्रीखंडाचं कौतुक आहे, राजारामरावांच्या 'बहारदार एकपात्री प्रयोगा'चं कौतुक आहे. आणि सगळ्यात खाली, लहान अक्षरांत, 'बालविभाग: कार्टून. सौजन्य: नरेंद्रकाका.'

मी सोफ्यावर बसून उत्तर लिहायला घेतलं. मुद्देसूद लिहीत होतो. तीन परिच्छेद झाले होते आणि अजून सशावर आलो नव्हतो. सुनेत्रानं मागून वाचलं, माझ्या हातातून फोन घेतला, माझे तिन्ही परिच्छेद पुसून टाकले, आणि माझ्या नावानं ग्रुपवर एकच ओळ टाकली.

'जागा सोडणार नाही.'

मग फोन उशीखाली सरकवून ती जिन्याकडे निघाली.

"चल वर," ती म्हणाली. "आणि ते हेडफोन राहू देत खालीच. मला सगळा पाठ आहे, पण बघितलेला कुठे आहे? साठ फूट म्हणजे तो दिसतो तरी केवढा, ते बघू दे मला."

वर माझ्या खोलीत एकच खुर्ची आहे. जेवणाच्या टेबलाची दुसरी खुर्ची उचलून मी तिच्या मागोमाग जिना चढलो. माफीचं काय, ते मंडळानं बघावं.